कालवं खायचीत? आधी तिथी बघा

गेल्या दिवाळीत आमच्याकडे जेवायला आलेल्या एका मित्राने हात धुता धुता प्रश्न टाकला, “मुंबईत ताजी ऑयस्टर कुठे मिळतात रे?” बारा वर्षं न्यू यॉर्कला राहून तो नुकता परतलाय. पंगतीतल्या प्रत्येकाने एकेक नाव सुचवलं आणि सगळी नावं पंचतारांकित हॉटेलांची निघाली. एकानेही मासळी बाजाराचं नाव काढलं नाही, की एखाद्या मालवणी खानावळीचं. शेवटी मित्रानेच निकाल देऊन टाकला. मुंबई हे ऑयस्टरचं शहर नाही, ती आपली खाद्यसंस्कृतीच नव्हे. ताजं हवं तर विमानाने येतं तेच खावं. आणि ऑयस्टर शिजवणं म्हणजे त्याची माती करणं.

तिन्ही वाक्यं ठामपणे आली, पंगतीने माना डोलावल्या. मी यजमान असल्यामुळे त्या दिवशी गप्प बसलो. शिवाय हे मत त्या एकट्याचं असतं तर सोडूनही दिलं असतं. पण शहरात चांगलं खाणाऱ्या, चार देश फिरलेल्या बहुतेकांचं हेच मत आहे, आणि त्यातलं एकही वाक्य तपासाला टिकत नाही.

पहिलं वाक्य घेऊ. ऑयस्टर आपलं नाही म्हणे. ज्या प्राण्याला भाषेत स्वतःचा, छोटासा, घरगुती शब्द आहे तो परका कसा? कालव. एक कालव, अनेक कालवं. तिसऱ्या वेगळ्या, खुबे वेगळे, शिनाणे वेगळे, कालवं वेगळी. किनाऱ्यावरच्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्या खडकांवर चिकटलेलं असतं ते बहुतेक ‘सॅकोस्ट्रिया’ जातीचं लहान, कडक पाठीचं कालव. खाड्यांत त्याहून मोठ्या शिंपल्याचं ‘क्रॅसोस्ट्रिया’ मिळतं. फ्रान्समधून येतं ते याच कुळातलं, चुलत भावंड म्हणा. एकाच कुळातल्या दोघांपैकी एकाला आपण ‘डेलिकसी’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘ते आमच्याकडे कामवाली मावशी आणते ते’.

माझं आजोळ देवगडकडचं. तिथे थंडीच्या दिवसांत, उधाणाच्या सुकतीला, म्हणजे मोठ्या ओहोटीला, अजून पुरतं उजाडलेलं नसताना बायका खडकांवर जायच्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात टोकदार लोखंडी हत्यार. मी मागेमागे जायचो आणि पायाचे तळवे कापून घ्यायचो, कारण कालवाच्या शिंपल्याची कड पात्यासारखी असते. बाई उकिडवी बसायची. बिजागरीशी एक टोला, वरचं झाकण टप्पकन उडायचं. खालचा शिंपला खडकालाच चिकटलेला राही आणि त्यात ते राखी-पांढरं, काळ्या किनारीचं, थरथरतं मांस. हत्याराच्या टोकाने एक फिरकी दिली की ते डब्यात. टोला, फिरकी, डबा. टोला, फिरकी, डबा. तास-दीड तासात पाणी परत चढायला लागे आणि डब्याचा तळ जेमतेम झाकलेला असे. या कामासाठी पॅरिसमध्ये माणूस ठेवतात, त्याला खास नाव आणि वेगळी सुरी असते. आमच्याकडे ते कसब असलेल्या बाईला बाजारात घासाघीस सोसावी लागते.

आणि मित्राच्या न्यू यॉर्कचं काय? त्या शहराच्या बंदरात एके काळी कालवांची रानं होती. रस्त्यावरच्या गाड्यांवर ती मजुरांना विकली जात. विलायतेतही तेच. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये, म्हणजे १८३६-३७ साली, एक नोकर मालकाला सांगतो की गरिबी आणि ऑयस्टर नेहमी जोडीने दिसतात. म्हणजे तिकडेही ते गरिबाचंच खाणं होतं. पुढे न्यू यॉर्कने आपलं सांडपाणी बंदरात इतकं सोडलं की १९२७ साली तिथलं शेवटचं कालवांचं क्षेत्रही बंद करावं लागलं. ग्रँड सेंट्रल स्टेशनाखालचा प्रसिद्ध ऑयस्टर बार १९१३ पासून आहे, पण आज तिथल्या थाळीत शहराच्या बंदरातलं एक कालव नसतं. तरीही ते ‘ऑयस्टरचं शहर’. आणि जिच्या खडकांवर आजही कालवं चिकटलेली आहेत, जिथे कोळणी आजही सुकतीला उतरतात, किनारी रस्त्याच्या भरावाला विरोध करताना जिच्या कोळीवाड्यांनी याच खडकांचा हवाला दिला, ती मुंबई मात्र ऑयस्टरची नव्हे!

आता दुसरं वाक्य: ताजं म्हणजे विमानाने आलेलं.

इथे आधी ‘ताजं’ म्हणजे काय ते ठरवायला हवं. शिंपल्यातलं कालव थंड जागी, घट्ट मिटलेलं, आपल्याच पाण्यात आठवडाभर आणि त्याहून थोडं अधिक जिवंत राहतं. युरोपात म्हणूनच त्याच्या टोपलीवर पॅकिंगची तारीख असते आणि विकताना प्राणी जिवंत असायला हवा अशी सूचना असते. तिकडच्या कायद्याला ‘जिवंत’ महत्त्वाचं वाटतं, ‘आजचं’ नव्हे. ही व्यवस्था उत्तम आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण तिला ‘ताजं’ म्हणायचं आणि आदल्या दिवशी खडकावर असलेल्या कालवाला ‘शिळं असेल’ म्हणून नाक मुरडायचं, हा कुठला हिशेब?

मी हा हिशेब एकदा जागेवर करून पाहिला. शहरातल्या एका बड्या हॉटेलात सहा कालवांची बर्फावरची थाळी मागवली. तिच्या किमतीत दादरला चौघांचं पोटभर जेवण झालं असतं. थाळी आली. शिंपले देखणे, लिंबू सुती कापडात बांधलेलं. पण सहापैकी दोन शिंपल्यांत पाण्याचा थेंब नव्हता. मांस शिंपल्याला चिकटून सुकलेलं. उघडून ठेवलेलं आहे हे सांगायला पंचांग लागत नाही. मी वेटरला विचारलं, टोपलीवरची तारीख बघायला मिळेल का? तो आत गेला. मग कॅप्टन आला. मग मॅनेजर आला आणि हसून म्हणाला, “सर, आमचा सगळा माल फ्रेशच असतो.” तारीख शेवटपर्यंत आली नाही. सगळीच बडी हॉटेलं असंच करतात असं मी म्हणत नाही. पण परदेशी व्यवस्थेची सगळी किंमत टोपलीवरच्या त्या तारखेच्या चिठ्ठीत आहे. ती चिठ्ठी न दाखवता तिचे पैसे मात्र लावले जात असतील, तर आपण विमानाचं भाडं खातोय.

आता कोकणातलं गणित बघा. सावंतवाडीहून संध्याकाळी सुटणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरला येते. रात्रीच्या खासगी बसही आहेत. सकाळच्या सुकतीला फोडून काढलेली आणि बर्फात घातलेली कालवं दुसऱ्या सकाळी मुंबईत पोचू शकतात, दुपारच्या जेवणाला ताटात पडू शकतात. दीड दिवसाच्या आत. मात्र ती रोज मिळणार नाहीत. आणि या लेखात मला जे सांगायचंय ते इथेच आहे.

खडकावरचं कालव समुद्राच्या वेळापत्रकावर चालतं, आणि ते वेळापत्रक चंद्राचं आहे. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं. भरती मोठी, तशी सुकतीही खोल. तेव्हाच खालचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, खडक झाकलेलेच राहतात. किनाऱ्यावरच्या माणसाला यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास पुढेमागे केले की सुकती, पहाटे आणि संध्याकाळी. ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आजोळच्या बायका याच हिशेबावर कोंबड्याआधी उठत.

म्हणून माझं म्हणणं असं: कालवं चांगली कुठे मिळतात हे शोधायचं असेल तर हॉटेलाच्या पाटीवरचे तारे मोजू नका, तिथी बघा. अष्टमीच्या दुपारी “आज सकाळचीच आहेत, साहेब” असं कुणी खडकावरच्या कालवांबद्दल सांगत असेल, तर त्याने तुम्हाला मुंबईकर समजून गुंडाळलंय. तो जर म्हणाला, “खाडीत दोरीवर वाढवलेली आहेत”, तर ऐकून घ्या. सिंधुदुर्गात बचत गटांच्या बायका खाडीत कालवं वाढवू लागल्या आहेत, राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनेत या पालनाला मदतही मिळते, आणि दोरीवरच्या कालवाला तिथीचं बंधन कमी. पण मग त्याला खाडीचं नाव सांगता आलं पाहिजे.

यावरून माझी एक साधी कसोटी तयार झालीय. छापील मेनूकार्डात बारा महिने कालवं असणारं हॉटेल मी टाळतो. ज्या खानावळीत गल्ल्यावरचा माणूस “आज नाहीत, पुनवेनंतर या” म्हणतो, तिथे मी पुनवेनंतर जातो. ‘नाही’ म्हणणारं हॉटेल शोधा. दादर-गिरगावात, पार्ल्यात अशा खानावळी आहेत. त्यांच्या दारात फळा असतो, त्यावर खडूने लिहिलेलं असतं आणि दुपारी दोनला त्यातलं अर्धं पुसलेलं असतं.

उरलं तिसरं वाक्य, सगळ्यात रुबाबदार: शिजवलं की मेलं.

कच्चं खाणं ही ताजेपणाची पावती आहे हा समज इतका पक्का आहे की तो मोडायला मला जपानची साक्ष काढावी लागते. तिथे दुकानात सोललेली कालवं दोन चिठ्ठ्यांनी विकतात: ‘कच्ची खाण्यासाठी’ आणि ‘शिजवण्यासाठी’. आपण समजणार की पहिली आजची आणि दुसरी कालची. तसं अजिबात नाही. फरक आहे तो पाण्याचा. तपासलेल्या स्वच्छ पाण्यातली किंवा शुद्ध केलेल्या पाण्यात ठेवून धुऊन निघालेली ती कच्ची खाण्याची. किनाऱ्याजवळच्या, खाद्याने भरलेल्या पाण्यातली ती शिजवायची, आणि ती बहुधा जास्त गुबगुबीत, जास्त चवीची असतात. जपानातली निम्म्याहून अधिक कालवं पिकवणाऱ्या हिरोशिमात लोक ती तळतात, मिसोत उकळतात. न्यू ऑर्लिन्सचं ‘ऑयस्टर रॉकफेलर’ १८९९ सालचं, तेही भट्टीत भाजलेलं. या लोकांना ऑयस्टर खाता येत नाही असं म्हणायची माझ्या मित्राची छाती आहे का?

कच्च्याचा प्रश्न चवीचा नाही, गटाराचा आहे. कालव पाणी गाळून जगतं. परिस्थिती अनुकूल असली तर एक मोठं ऑयस्टर दिवसाला दीडदोनशे लिटर पाणी गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. १९२४-२५च्या हिवाळ्यात न्यू यॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनमध्ये ऑयस्टरमधून विषमज्वर पसरला, दीड हजारांवर माणसं आजारी पडली, दीडशेच्या आसपास गेली. त्यानंतर अमेरिकेने प्रत्येक पोत्याला चिठ्ठी बांधली. कुठलं पाणी, कुठली तारीख. हॉटेलाला ती चिठ्ठी नव्वद दिवस जपून ठेवावी लागते. युरोपात पाण्याचेच वर्ग पाडतात. पहिल्या वर्गाच्या पाण्यातलं कालव थेट खाता येतं, दुसऱ्यातलं शुद्ध पाण्याच्या टाकीत ठेवून मग, तिसऱ्यातलं दोन महिने चांगल्या पाण्यात हलवून मग. आपल्याकडे खानावळीत येणाऱ्या कोकणी कालवाबरोबर अशी चिठ्ठी मला आजवर दिसलेली नाही. ती नाही तोवर ते कच्चं खायचं नाही, विषय संपला.

लिंबू पिळून, तिखट सॉस टाकून किंवा वर वाइन पिऊन जंतू मरत नाहीत. ‘र’ असलेल्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, ऑयस्टर खावीत हा युरोपचा नियमही इथे लागू होत नाही. तो थंड पाण्याचा नियम आहे. ‘व्हिब्रिओ’ नावाचे जंतू कोमट समुद्रात आपोआप वाढतात, त्यांना गटारही लागत नाही, आणि मुंबईचा समुद्र बाराही महिने कोमट. यकृताचा आजार असलेल्याने तर कच्च्याच्या वाटेलाही जाऊ नये. उलट गाभ्यापर्यंत ८५ ते ९० अंश तापमान दीड मिनिट मिळालं की उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरसही टिकत नाही. माझ्या आजीला ‘व्हायरस’ हा शब्द ठाऊक नव्हता. पण कालवं घातल्यावर वाटपाला एक चांगली उकळी येऊ द्यायची, हे ती बजावून सांगायची.

आणि तिचं ते कालवांचं कालवण! (शब्द जुळे वाटतात, पण कालवण आलं कालवण्यातून.) आधी कालवं समुद्राच्याच पाण्यासारख्या खारट पाण्यात बोटांनी चाळायची. शिंपल्याची कच राहिली तर घासभर जेवण फुकट जातं. कांदा-खोबरं भाजून वाटायचं, त्याला रंग चढला की रस्सा करायचा, कोकमं टाकायची, आणि उकळत्या रश्शात कालवं अगदी शेवटी सोडायची. त्यांच्या कडा झालरीसारख्या वळल्या, मांस फुगून गोल झालं, एक उकळी आली, की खाली. पाच मिनिटं जास्त ठेवलं तर रबर. दाताखाली तो गोळा फुटतो तेव्हा आत समुद्र असतो आणि बाहेर खोबरं. याला माती करणं म्हणतात?

एवढं सगळं म्हटल्यावर माझ्याच बाजूने उभ्या राहणाऱ्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. “आम्ही लहानपणी खडकावरचं तिथल्या तिथे कच्चं खायचो, काही झालं नाही,” असं छाती काढून सांगणारे कोकणी काका मला भेटतात. तेव्हाच्या खाडीत आणि आताच्या खाडीत फरक आहे, काका. मुंबईच्या खडकांबद्दल तर बोलायलाच नको. या शहराचं बरंचसं सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होता समुद्रात जातं. वरळी-वांद्र्याला ते नळातून काही किलोमीटर आत नेऊन सोडतात, नाले तर थेट किनाऱ्यावरच येतात. उकळीने जंतू मरतील, जड धातू मरत नाहीत. म्हणून हाजी अली किंवा बँडस्टँडच्या खडकांवरची कालवं, कितीही ताजी असोत, मी खात नाही आणि तुम्हीही खाऊ नका. ती कालवं तिथे जिवंत आहेत याचा आनंद मानायचा. ती खाण्यालायक होण्यासारखं पाणी व्हावं यासाठी भांडायचं, कारण त्या खडकांवर ज्यांचं पोट आहे त्या कोळणींचा तो हक्क आहे. तोवर मुंबईच्या ताटातलं कालव दक्षिणेकडच्या खाडीतलं असावं.

आणखी एक. सोललेलं कालव गोड्या पाण्यात ठेवलं की पाणी पिऊन फुगतं. वजन वाढतं, दिसायला टपोरं, चव पाणचट. सिटीलाइटच्या मासळी बाजारात एका मावशीने मला हे दाखवून शिकवलं. दोन वाटे समोरासमोर ठेवले, एकातलं मांस बोटाने दाबलं, दुसऱ्यातलं दाबलं. एकातून दुधट चीक आला, दुसऱ्यातून नुसतं पाणी. “मोठी बगून घेऊ नको रं,” म्हणाली, “चीक बगून घे.” हॉटेलातही हेच. ताटातली कालवं प्रमाणाबाहेर मोठी आणि रस्सा पातळ झालेला असेल, तर माल फुगवलेला आहे.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नावाने देता येत नाही, म्हणून त्या रात्री दिलं नाही. हॉटेलाचं नाव सांगितलं तर सहा महिन्यांत आचारी बदलतो, मालक बदलतो, पुरवठादार बदलतो. टिकतात ते प्रश्न. बर्फावरची कच्ची खायची हौस असेल तर जरूर बड्या हॉटेलात जा, पण चिठ्ठी माग, शिंपला समोर उघडायला लाव आणि आत पाणी नसेल तर परत कर. शिजवलेली हवी असतील तर खानावळीत जा आणि दोनच गोष्टी विचार: कुठली? कधीची? ज्याला खाडीचं नाव आणि दिवस सांगता येतो, तिथे बस.

हॉटेलवाल्यांनाही एक विनंती. फळ्यावर नुसतं ‘कालवं मसाला’ लिहू नका. ‘आचरा खाडी, काल सकाळ’ असं लिहा. चार शब्दांचा खडू लागतो. पाहुणा चार पैसे जास्त देईल, आणि त्यातले दोन पहाटे खडकावर उतरलेल्या बाईपर्यंत पोचतील अशी आशा धरता येईल. सरकारने सिंधुदुर्गाच्या चार खाड्यांचं पाणी नेमाने तपासून त्यांना वर्ग दिला, तर तीच बाई उद्या जिवंत कालव शिंपल्यासकट, चिठ्ठीसकट त्याच बड्या हॉटेलाला विकेल.

आणि वाचकहो, तुमच्या भिंतीवर बहुधा ‘कालनिर्णय’ असेलच. ते काढणारे जयंतराव साळगावकर जन्माने मालवणचे होते, हा योग मला फार आवडतो. पान उलटा, पुढची पौर्णिमा कधी ते बघा. त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी बाराच्या आत, दादरला उतरा. दीड वाजता जाल तर फळ्यावरचं ‘कालवं’ पुसलेलं असेल.